मुजावरांचा थोरला

कारखान्याच्या फाटकाबाहेर चहाच्या गाड्याआड उभं राहून तोहिदने फाइल उघडली, इंजिनिअरिंगची पदवी बाहेर काढली आणि शर्टाच्या आत पोटाशी सरकवली. मागोमाग गुणपत्रिकाही गेल्या. फाइलीत दहावी-बारावी तेवढी उरली. शिरोलीतल्या दोन कारखान्यांनी पदवी बघूनच त्याला परत पाठवलं होतं. मशीनवर इंजिनिअर टिकत नाही, अशी त्यांची खात्री. इंजिनिअरची जागा मागायला जावं तर अनुभव मागायचे, आणि अनुभव द्यायला कुणी तयार नव्हतं.

आत सुपरवायझर धैर्यशील चौगुल्यांनी कागद चाळले.

"बारावीनंतर काय केलंस?"

"वडलांच्या हाताखाली हुतो. रिक्षांची सीट कव्हरं शिवत्यात ते."

"इंजिनिअर तर न्हवंस न्हवं? गेल्या साली एक घेतलतं, बोनस खाऊन पळालं."

"न्हाय."

"मग ये सोमवारपास्नं. आपली बस मंगळवार पेठेतनंच येती."

घामाने कागद पोटाला चिकटले होते. नोकरी लागली होती आणि तोहिदला लाज वाटत होती.

घरी त्याने "लागलो" एवढंच सांगितलं. वडलांनी, बादशहांनी, शिलाई मशीनवरचा पाय काढला.

"इंजिनिअर म्हणूनच की?"

त्यांचा चेहरा असा काही फुलला होता, की तोहिदच्याने खरं बोलवेना.

"व्हय, अब्बा."

कंपनीचं नाव विचारायचंही भान बादशहांना राहिलं नाही. ते तसेच तालमीत, चौकातले बोर्ड लावणाऱ्या हंबीररावांना सांगायला गेले. आता पेठेत बातमी नुसती सांगून भागत नाही. इथं म्हैस शर्यतीत पहिली आली तरी चौकात डिजिटल बोर्ड लागतो. हा तर इंजिनिअर होता.

सोमवारी तोहिद डबा घेऊन चौकात आला, तेव्हा बोर्ड झळकत होता. वर तोहिदचा फोटो: पदवीदानाच्या वेळचा काळा गाऊन, त्या वेळची, आता काढलेली दाढी. खाली मोठ्या अक्षरांत: 'इंजिनिअर मुजावरसाहेब यांची नामांकित कंपनीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' नाव नको, साहेब घाला, असं बादशहांनीच हंबीररावांना बजावलं होतं. बादशहा बोर्डाखाली मान वर करून उभे होते.

कंपनीची बस थांबली. दारात चौगुले.

"बारावीवाला मुजावर तूच न्हवं? चढ." मग त्यांची नजर वर गेली. "आन् ह्यो कोण रं? तुझ्यागतच दिसतोय."

बादशहांनी 'बारावीवाला' ऐकलं होतं. त्यांनी पोराकडे पाहिलं, मग बोर्डाकडे.

"ह्याचा थोरला भाऊ," ते म्हणाले. "पुण्याला लागलाय."

"आन् ह्यो न्हाय शिकला व्हय?"

"न्हाय. ह्याचं डोस्कं चाललं न्हाय."

बस हलली. बादशहांना तोहिद हा एकच मुलगा होता.

घरात त्यावर कुणी बोललं नाही. पुढे कुणाच्या तरी वाढदिवसाला जागा हवी म्हणून बोर्ड उतरला. बादशहांनी तो मागून आणला आणि रेक्झिनच्या गठ्ठ्यांवर धूळ बसू नये म्हणून उलटा करून पांघरला.

तोहिदचा हात मशीनवर बसला. एके दुपारी चौगुले त्याच्यापाशी येऊन थांबले.

"तुझ्या थोरल्याला इचार की. आपल्याकडं इंजिनिअरची जागा निघालीया. मालक म्हणत्यात, अनुभव नसंना का, पर पोरगं ओळखीतलं पायजे. तुझं नाव घेतलं त्यांनी."

तोहिदने पुसलेले हात पुन्हा पुसले. आठवड्यापूर्वीच कागद लपवणाऱ्या एकाला मालकांनी फाटकाबाहेर काढलं होतं, आणि त्याला बसमध्ये घेऊ नका म्हणून चौगुल्यांनीच ड्रायव्हरला सांगितलं होतं.

"इचारून सांगतो, साहेब."

संध्याकाळी बादशहा शिवत बसले होते. तोहिद शेजारी टेकला.

"अब्बा, कंपनीत थोरल्याला बोलावलंय."

मशीन थांबलं.

"काय म्हणून?"

"इंजिनिअर म्हणून."

बादशहांनी सुईतून निघालेला दोरा उचलला, टोक ओठांत ओलं केलं. दोन-तीनदा प्रयत्न करूनही ते नेढ्यातून जाईना. तोहिदने त्यांच्या हातून दोरा घेतला आणि ओवून दिला.

"सांग त्यास्नी," बादशहा म्हणाले, "न्हाय यायचा त्यो. तिकडं बरं चाललंय त्याचं."

आणि त्यांनी पुन्हा मशीन सुरू केलं.