हवेची झडप

छगननाना पाटलांची ख्याती अशी होती, की डोळे बांधून गाडीत बसवलं तरी कोणता गिअर पडलाय ते सांगतील. उभी हयात एसटी चालवली, त्यातही बराचसा काळ शहादा-धडगाव रस्त्यावर. घाटात त्यांचं सगळं काम कानावर चालायचं. इंजिन कण्हायला लागायच्या आत हात गिअरवर गेलेला असायचा. निवृत्त झाल्यावर कळसाडीला, आपल्या गावी येऊन त्यांनी कपाशी आणि उसात लक्ष घातलं आणि एक जुनी पेट्रोलची गाडी घेतली. ती शेतावर जायला घेतली असं ते सांगत, पण शेतापेक्षा पारावरूनच तिच्या फेऱ्या जास्त व्हायच्या.

आणि आता कान गेले होते. एकदम नाही, हळूहळू, विहिरीचं पाणी उतरतं तसे. टीव्हीचा आवाज गल्लीपर्यंत जातो म्हणून निर्मलाबाई, म्हणजे त्यांची बायको, रोज करवादायच्या, पण नानांनी ते कधी मनावर घेतलं नाही. त्यांना धक्का बसला तो गाडीत. एकदा चालू गाडीलाच त्यांनी पुन्हा चावी मारली आणि बॉनेटखालून असा करकराट झाला, की पारावरची चार डोकी वळली. दुसऱ्यांदा शहाद्याहून येताना शेजारचा बन्सीलाल मोटारसायकलवरून जिवाच्या आकांतानं हात हलवत होता. नानांनीही हसून हात केला. घरी आल्यावर कळलं, की सबंध रस्ता गाडी दुसऱ्या गिअरमध्ये बोंबलत होती.

त्या दिवसापासून नानांचा गुडघा दुखायला लागला. झाकली मूठ सव्वा लाखाची. गुडघ्याची दया येते लोकांना, पण बहिऱ्या ड्रायव्हरच्या हातात चावी कोण ठेवणार? आणि चावी गेली की छगननानांचं मागे काय उरणार, हे त्यांना स्वतःला सांगता आलं नसतं. बायकोला नाही, पोराला नाही, कोणाला त्यांनी कानाचं सांगितलं नव्हतं.

पोरगा भाग्येश शहाद्याच्या एका गॅरेजात कामाला होता. स्वस्थ बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं. नाना गाडीला हात लावत नाहीत म्हटल्यावर ती आयतीच त्याच्या तावडीत सापडली. गाडीला हवा कमी पडते, असं त्याचं म्हणणं. त्यानं एअर फिल्टरच्या डबीला खालून दुसरं तोंड पाडलं, त्याला पत्र्याची झडप बसवली आणि जुन्या स्कूटरच्या चोकची केबल ओढून तिचा खटका आत, गिअरच्या दांड्याजवळ आणला. खटका आत ढकलला की झडप बंद, गाडी होती तशी. ओढला की झडप उघडी, इंजिनानं हवी तेवढी हवा खावी.

"आनि धूळ?" नानांनी विचारलं होतं. ऊसतोडीचे दिवस, रस्त्यावर नुसता फुफाटा.

"धूळ फिल्टरमाच अडकी जाई, नाना. तोंड फिल्टरना आधी शे." भाग्येश हे मोठ्यानं बोलला, कारण तो बॉनेटखाली वाकलेला होता. नानांना बरं वाटलं.

रविवारी सकाळी घोडामैदान जवळ आलं. उसाच्या शेतांमधून जाणारा सरळ रस्ता, त्याच्या शेवटी पुलाचा चढ. झडप बंद ठेवून एक फेरी, उघडून एक, आणि वेळ मोबाइलवर मोजायचा. पण गाडी चालवणारा मित्र नवनीत आयत्या वेळी मामाच्या गावाला गेलेला.

"नाना, तुम्हीच चला," भाग्येश म्हणाला. "वेळ मी मोजस. तुम्हनासारखा पाय आखो कोना शे?"

"मन्हा गुडघा..."

"दोनच फेऱ्या. दोन्हीले पाय एकसारखा पाहिजे, नहीते हिशोब चुकी जास."

यावर नकार कसा द्यायचा? पोरानं नेमकी दुखरी जागा कुरवाळली होती. नाना गाडीत बसले. चावी फिरवली आणि गाडी खरंच चालू झाली का, ते स्टिअरिंगवर तळवा टेकवून बघितलं.

पहिली फेरी त्यांनी डोळ्यांवर निभावली. वेगाच्या काट्याकडे बघायचं, आकडा आला की गिअर टाकायचा. नव्या शिकणाऱ्यासारखं. पुलाच्या चढावर खालचा गिअर टाकायला उशीर झाला आणि गाडीनं अंग झटकलं. भाग्येशनं एकदा बापाच्या हाताकडे बघितलं, मग मोबाइलकडे. नानांच्या मानेवर भर थंडीत घाम आला होता.

गाडी वळवून पुन्हा रस्त्याच्या सुरुवातीला आणली. भाग्येशनं खटका ओढला.

नानांनी पाय दाबला आणि समोरून, बॉनेटच्या आतून, एक जाड घोगरा आवाज आला. हवा आत ओढल्याचा. नाना क्षणभर भांबावले. मग त्यांना कळलं, की आपल्याला ऐकू येतंय. आवाज वर चढला, अजून चढला, आणि त्यांचा हात आपोआप गिअरवर गेला. काट्याकडे त्यांनी बघितलंच नाही. पुलाच्या चढावर आवाज जरासा बसायला लागला तेवढ्यात त्यांनी खालचा गिअर टाकला, इतका अलगद, की गाडीला कळलंसुद्धा नाही. नानांचा ऊर भरून आला.

"भारी वढी ऱ्हायनी गाडी," चढ संपल्यावर ते म्हणाले.

भाग्येश मोबाइलकडे बघून तोंड वाकडं करत होता. "कसानी भारी? उलट हळू उनी. बॉनेटमानी गरम हवा खाई ऱ्हायनी ती. नुसता आवाज वाढना. जाऊ द्या, उद्या काढी टाकस."

आणि त्यानं खटका आत ढकलला.

आवाज गेला. सगळाच गेला. गाडी पुलावरून उतरत होती, नानांचा हात गिअरच्या दांड्यावर होता आणि तिथेच राहिला. वर टाकू की खाली, काही समजेना. त्यांनी काट्याकडे बघितलं, मग पोराकडे. भाग्येश त्या हाताकडेच बघत होता. त्यानं खटका पुन्हा ओढला. आवाज आला आणि हात हलला. गिअर बरोबर पडला. त्यानं खटका पुन्हा आत ढकलला. हात थांबला.

"उघड ते," नाना म्हणाले.

भाग्येशनं उघडलं. नानांनी गाडी कडेला घेऊन उभी केली.

"काढू नको," ते समोर बघत म्हणाले. "माले आयकू येस."

इतकं बोलायलाही त्यांना फार जड गेलं. भाग्येश काही बोलणार तेवढ्यात उसाची ट्रॉली लावलेला एक ट्रॅक्टर बाजूनं गेला. नाना दचकले, कारण तो अगदी काचेजवळ आल्यावरच त्यांना दिसला. ड्रायव्हर मान वळवून रागानं बघत होता.

"हॉर्न दिन्हा का त्यानी?" नानांनी विचारलं.

भाग्येशला खोटं बोलावंसं वाटलं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पण तो खोटं बोलला नाही.

"दिन्हा. केव्हाना देई ऱ्हायंता."

नानांनी आरशात बघितलं. आतून इंजिन घोगरं घोगरं बोलत होतं आणि ते त्यांना ऐकू येत होतं, पण मागून येणारं काहीच येत नव्हतं. ज्या माणसानं घाटात गाडीभर जीव सांभाळले, त्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. ते दार उघडून उतरले आणि पुढून वळसा घालून भाग्येशच्या खिडकीशी आले.

"सरक तिकडे. घर लगून तू चालाड."

"नाना, उद्या नंदुरबारले जाऊ. कान दखाडू. यंत्र भेटस आते, लोके लावतस..."

"जाऊ," नाना म्हणाले. "आते चाल."

भाग्येश पलीकडे सरकला. खटका ओढलेलाच होता. त्यानं हात तिथवर नेला, पण ढकलला नाही. गाडी हळू जाते तर जाऊ दे, म्हणाला मनाशी.

गाडी निघाली. भाग्येशनं पाय दाबला, आवाज चढत गेला, आणि त्याचा हात गिअरकडे जायच्या आत शेजारून नाना हलकेच म्हणाले, "आते."

त्यानं गिअर टाकला. लोण्यात सुरी जावी तसा पडला.

पुढं वळण आलं, वेग उतरला. "आते," नाना म्हणाले, आणि त्यानं खालचा टाकला. मग भाग्येश स्वतःच्या कानानं ऐकायचं सोडून बापाची वाट बघायला लागला.