डोंगराच्या पायाखालची फळी

मी एक जुनी, रुंद फळी आहे. गादी-कोचांच्या एका कारखान्यातून मागच्या घरात चढणाऱ्या उंच पायऱ्यांवर मी तिरपी पडलेली असते. माझ्या पाठीवर गालिच्याची पट्टी ठोकलेली आहे. पट्टीच्या कडांना जिथे लाकूड उघडे दिसते, तिथे नखांचे ओरखडे आहेत. घाईतली माणसे मला ओलांडून जातात. एखाद्याला ठेच लागली तर माझा उद्धारही होतो. तुम्ही मात्र क्षणभर थांबलात, म्हणून मित्रांनो, माझे आयुष्य तुम्हाला सांगावेसे वाटते. त्यातला मोठा वाटा माझा नाही, दुसऱ्या एका जिवाचा आहे.

माझा जन्म वृक्षाच्या पोटी झाला. वाऱ्याचे आणि पाखरांचे ते दिवस आता अंधुक आठवतात. करवतीखालून निघाल्यावर माझे बाक झाले आणि ते एका दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत ठेवले गेले. तिथे चिंतेने वाकलेली माणसे माझ्यावर बसत आणि आतून हाक आली की धडपडून उठत. पुष्कळ वर्षे मी ते ओझे निष्ठेने वाहिले. पुढे बाकाच्या पायांना वाळवी लागली आणि ते मोडीत निघाले. या कारखान्याच्या कारागिराने मला त्या ढिगाऱ्यातून उचलले, रंधा मारला, मला दोन लाकडी घोड्यांवर आडवे ठेवले आणि कापड बेतण्याचे टेबल केले. मला पुनर्जन्म लाभला, असेच मी मानते.

कारागीर मोठा निगुतीचा माणूस. खिळखिळ्या झालेल्या खुर्च्या आणि कोच त्याच्याकडे येत. तो आधी सांगाडा उकलून सरसाने पुन्हा जोडी, सुतळीने आवळून ठेवी, मग काथ्या आणि कापूस घालून कापड चढवी. भरण घालण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बोटाने दाबले तरी दबणार नाही, असे तो ठासून भरी. "माझ्या दुकानातून पोकळ काही बाहेर जात नाही," असे तो गिऱ्हाइकांना सांगे आणि ते खरेही होते.

एके दिवशी त्याची मुलगी, जिला घरात सगळे बारकी म्हणत, दोन्ही हातांच्या कवेत एक पिल्लू घेऊन आली. तिच्या मामाकडच्या कुत्रीचे ते पिल्लू होते. जात थोराड. अंग अजून मऊ आणि गोळामोळा. पण पंजे असे, की जणू थोरल्या भावाचे मागून घालून आले आहे. बारकीने आजवर हट्टाने मागितलेली ही एकच गोष्ट होती. तिने त्याला माझ्यावर ठेवले. ते थरथरले आणि माझ्यावरच्या मखमलीच्या तुकड्यावर त्याने आपली पहिली मोहोर उमटवली.

"झालं. गिऱ्हाइकाचं कापड गेलं," बारकीची आई म्हणाली.

कारागिराचे तिकडे लक्षच नव्हते. तो पंजा हातात घेऊन निरखीत होता. "पंजे बघ याचे. हा डोंगर होणार, डोंगर."

तेच त्याचे नाव पडले.

मित्रांनो, त्या घरात प्रेमाला तोटा नव्हता. बारकी मामाने सांगितल्याप्रमाणे वाटीने मोजून डोंगरला खाणे देई. पण ती शाळेत गेली, की त्याचा खरा दिवस सुरू होई. कारागिराची थोरली बहीण, म्हणजे बारकीची आत्या, दुधात पाव कुस्करून आणी. "पोरगी मोजून घालते बिचाऱ्याला. मोजून खायला तो काय पाहुणा आहे?" ती स्वतःशी पुटपुटे. थोड्या वेळाने आई येई, इकडेतिकडे पाही आणि उकडलेली अंडी सोलून त्याच्यापुढे ठेवी. दुपारी कारागीर मांसाचे तुकडे देई आणि त्यावर हाडे बळकट करणारी म्हणून कोणी सांगितलेली पांढरी पूड चमचे भरभरून घाली. ही सगळी ताटे आणि वाट्या माझ्यावरच टेकत, म्हणून मला सारे ठाऊक होते. त्या तिघांपैकी एकालाही दुसऱ्याचे ठाऊक नव्हते. प्रत्येकाला वाटे, याच्याकडे पाहणारे आपण एकटेच.

डोंगर वाढू लागला. तो वाढताना दिसे, असे म्हटले तरी चालेल. कारागीर दाराच्या चौकटीवर खडूने त्याच्या उंचीची रेघ ओढी आणि आलेल्या प्रत्येकाला दाखवी. कोणी म्हणे, "वासरू पाळलंय का, मालक?" आणि त्याची छाती फुगे. बारकीच्या मागे डोंगर दिवसभर त्या पायऱ्या चढे, आणि उतरताना वरच्या पायरीवरून थेट खाली उडी घेई. खाली गुळगुळीत फरशी. त्याचे चारही पाय चार दिशांना पांगत आणि सगळे हसत.

मग एका सकाळी तो उठला नाही. शेपूट हलवली, बारकीकडे पाहिले, पुढचा पाय टेकला आणि कण्हला. तेव्हा प्रथमच सर्वांनी नीट पाहिले. त्याचे पुढचे पाय मनगटापाशी बाहेर वळले होते, ओझ्याखाली वाकलेल्या वेतासारखे.

त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरीणबाई आपली खुर्ची न्यायला कारखान्यात आल्या. खुर्ची राहिली बाजूला. त्या फरशीवर बसल्या आणि डोंगरचे सांधे एकेक करून दाबून पाहू लागल्या.

"काय खातो हा?"

"मी मोजून घालते. तीनदा," बारकी म्हणाली.

"तेवढंच?"

आत्याने पदर सारखा केला. "सकाळी जरासं दूध आणि पाव देते मी. जरासंच."

"मी अंडी देते कधीकधी," आई म्हणाली.

"कधीकधी म्हणजे?"

"म्हणजे... रोज."

कारागिराने घसा खाकरला आणि मांसाचे सांगितले, पुडीचेही सांगितले. बारकी एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिली. "म्हणजे तुम्ही सगळ्यांनी?" एवढेच ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "लहान जातीचं कुत्रं लवकर पुरं होतं. याची हाडं दीड-दोन वर्षं वाढत राहतात, आणि वाढेपर्यंत कोवळीच असतात. त्यांच्यावर तुम्ही मोठ्या कुत्र्याचं वजन ठेवलंय. पूड आजपासून बंद, ती हाडांचं वाईटच करते. खाणं एकाच हातानं आणि मोजून. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. पायऱ्या नाहीत, उड्या नाहीत, गुळगुळीत फरशी नाही. पाय सरळ व्हायला अजून वाव आहे, पण फार दिवस नाही. नाही झाले, तर जन्मभर दुखत चालेल."

त्या गेल्यावर कारागीर उखडला. "बरगड्या लागल्या पाहिजेत म्हणे. घरी आणलेल्या जिवाला उपाशी ठेवू? मला नाही जमायचं." आणि त्याच संध्याकाळी त्याचा हात मुकाट्याने मांसाच्या ताटाकडे गेला. बारकीने ते पाहिले.

कोपऱ्यात एक मोठी खुर्ची उभी होती. तिचा सांगाडा त्याच दुपारी सरसाने जोडून सुतळीने आवळलेला होता. तिचा धनी सकाळपासून दोनदा निरोप पाठवून घाई करीत होता आणि कारागीर दोन्ही वेळा त्याला नकार देऊन चुकला होता. बारकी शांतपणे त्या खुर्चीपाशी गेली आणि बसण्यासाठी वाकली.

"ए बारके, वेडी का खुळी? ऊठ आधी. सरस ओला आहे."

"मी कुठं जड आहे?"

"जड नसलीस म्हणून काय झालं? वाळायच्या आत भार पडला की सांगाडा वाकतो. मग वरून कितीही भरा, खुर्ची कायमची तिरकी."

बारकी सरळ उभी राहिली. तिने डोंगरकडे बोट दाखवले. "आणि याचा वाळलाय का, बाबा?"

कारागिराच्या हातातला मांसाचा तुकडा तसाच राहिला. त्याने खुर्चीकडे पाहिले, मग त्या वाकड्या पायांकडे. मग ताट उचलून त्याने बहिणीच्या हातात दिले. "अक्का, हे आत ठेव. आणि उद्यापासून कोणी काही द्यायचं नाही. मीसुद्धा."

त्यानंतर तो माझ्याकडे वळला. माझ्यावरचे कापडांचे गठ्ठे त्याने खाली उतरवले, मला घोड्यांवरून काढले, पायऱ्यांवर तिरपे टेकवून पाहिले. एका जुन्या गालिच्याची पट्टी कापून त्याने माझ्या पाठीवर बारीक खिळ्यांनी ठोकली आणि प्रत्येक खिळ्यावरून तळहात फिरवला, कुठे टोक वर राहिले नाही ना, हे पाहण्यासाठी. उरलेले तुकडे त्याने सगळ्या फरशीवर अंथरले. कारखाना असा दिसू लागला, की आत्या म्हणाली, "राजेसाहेब येणार आहेत की काय?"

राजेसाहेबांना माझ्यावर चढणे मुळीच पसंत नव्हते. पहिले पाऊल ठेवून ते मागे सरत, बसकण मारीत आणि बारकीकडे अशा मुद्रेने पाहत, की दुसरीचे हृदय विरघळले असते. ती ओढीत नसे, ढकलीतही नसे. वर बसून वाट पाही. शेवटी एकदा तो आला, हळूहळू, नखे रोवीत. माझ्या कडेचा पहिला ओरखडा त्या दिवसाचा आहे. दवाखान्यात मी इतकी माणसे पेलली, पण इतक्या भीतभीत टेकलेले पाऊल मला आठवत नाही.

पुढचे दिवस कठीण होते. डोंगर जेवणाच्या वेळी आत्याच्या पायांशी डोके ठेवी, आणि आत्या तोंड फिरवून डोळे पुशी. त्याचा गोळामोळा गोंडसपणा उतरला आणि कुशीवर बरगड्यांची चाहूल दिसू लागली. जे गिऱ्हाईक पूर्वी वासरू म्हणत असे, तेच म्हणाले, "काय मालक, कुत्र्याला उपास घडतोय वाटतं? धंदा बसला की काय?"

कारागिराचा चेहरा लाल झाला. पोकळ वस्तू बाहेर न जाऊ देणारा तो माणूस. पण त्याने दाभणात दोरा ओवला आणि खाली मान घालून म्हणाला, "सरस ओला आहे अजून. भरण मागाहून."

गिऱ्हाइकाला काही कळले नाही. बारकीला कळले. ती वडिलांजवळ येऊन बसली आणि कापसाच्या गाठी सोडवू लागली.

पाय सरळ झाले. एका दिवसात नव्हे. चौकटीवरच्या रेघा हळूहळू वर सरकत गेल्या आणि पाऊल हळूहळू आत वळत गेले. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी डोंगरला चालवून पाहिले, सांध्यांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता हा माझ्या खुर्चीसारखा उभा राहिला." कारागीर आत निघून गेला. थोड्या वेळाने बाहेर आला तेव्हा त्याचे तोंड धुतलेले होते.

पुढे डोंगर पुरा वाढला आणि खरोखर डोंगर झाला. पायऱ्यांची मनाई उठली, त्या दिवशी तो माझ्याकडे न पाहता एका ढांगेत वर गेला. मला उचलून दाराआड उभे केले गेले. माझ्यावर सरसाचे रिकामे डबे आणि खुर्च्यांचे मोडके पाय टेकले, कोळ्याने जाळी विणली. लोक डोंगरची चाल पाहून वाखाणत. त्याच्या पायांखाली कधी काय होते, हे कोणी विचारीत नसे. मित्रांनो, खोटे सांगत नाही, मला वाईट वाटे. पण दाराच्या फटीतून त्याचे पाय दिसत, आणि त्या सरळ पायांकडे पाहिले की माझे रुसणे टिकत नसे.

थोराड जातीला आयुष्य थोडे असते. बारकी शिकायला परगावी गेली, सुटीत येत राहिली; आणि तेवढ्या काळात डोंगर म्हातारा झाला. तोंड पांढरे झाले, मागचे पाय आखडले. एका सकाळी तो पायऱ्यांपाशी येऊन उभाच राहिला. वर कारागीर उभा होता. त्याचेही गुडघे आता कुरकुरत. दोघे एकमेकांकडे पाहत होते.

"तुझ्याही पायांवर आलं का हे?" कारागीर म्हणाला.

कठड्याला धरून तो खाली उतरला आणि दाराआड गेला. डबे बाजूला झाले. माझ्या अंगावर पुन्हा उजेड पडला. जुनी पट्टी झिजली होती. त्याने दुकानातला सर्वांत चांगला गालिचा काढला. "अहो, तो गिऱ्हाइकासाठी ठेवलाय ना?" आई म्हणाली. "गिऱ्हाईक थांबेल," तो म्हणाला.

डोंगरने मला हुंगले. मग त्याने पहिले पाऊल टाकले. या वेळी तो घाबरला नाही. तो अर्ध्यावर थांबला, मागे वळला आणि कारागिराची वाट पाहू लागला, जशी बारकी एकेकाळी त्याची पाही.

मित्रांनो, असा एखादा जीव तुम्ही कवेत घेऊन घरी आलात, तर त्याच्या मोठ्या पंजांना भुलू नका. प्रेम करा, पण घरातल्या सर्वांनी एकमेकांना सांगून करा. त्याची हाडे पक्की होईपर्यंत धीर धरा. लोक हसले तर हसू द्या. आणि तो थोराड देह थकेल तेव्हा त्याच्या वेगाने चाला. ज्याने लहानपणी तुमच्यावर विसंबून पाऊल टाकले, तो म्हातारपणीही तुमच्यावरच विसंबतो. दाराआड एखादी जुनी फळी असेल, तर तिला सरपणात घालू नका.

हल्ली रोज सकाळी कारागीर माझ्यापाशी वाकतो, गुडघ्यांमुळे थोडा कण्हतो आणि माझ्यावरच्या एकेका खिळ्यावरून तळहात फिरवतो. सगळे खिळे बसलेले आहेत याची खात्री झाली, की मगच तो डोंगरला शीळ घालतो.