दुपारच्या विमानातल्या तीन जागा

मीरा जाधव अंधेरीला, चकाल्याच्या एका काचेच्या इमारतीत, विमान कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये कामाला होती. राहायला भांडुपला. नोकरीला चार वर्षं झाली होती, पण ती स्वतः एकदाही विमानात बसली नव्हती.

त्या महिन्यात जवळजवळ सगळे फोन एकाच कारणासाठी येत होते. एस-चाळीस नावाच्या बनावटीची दोन विमानं आदल्या वर्षी परदेशात पडली होती. मग ती विमानं सगळीकडे बंद ठेवली, दुरुस्त केली, कागदांवर सह्या झाल्या, आणि आता मीराच्या कंपनीने त्यातलीच काही आणून उडवायला काढली होती. लोक घाबरून विचारायचे, "आमचं विमान ते तर नाही ना?"

उत्तर स्क्रीनवर तयार असायचं. सर्व चाचण्या पूर्ण झाल्या आहेत, विमान संपूर्ण सुरक्षित आहे. त्याखाली आणखी एक ओळ होती: मी स्वतःही याच विमानाने प्रवास करते. ती टीम मॅनेजर मिहिर प्रधानने घातली होती.

"अगं, लोकांना आकडे नको असतात," तो म्हणाला होता. "बोलणारी बाई स्वतः बसते म्हटलं की गप्प होतात."

सुरुवातीला ते वाक्य म्हणताना मीराची जीभ अडखळायची. पंधरा दिवसांनी अडखळेनाशी झाली.

एका मंगळवारी दुपारी मिहिर शेव खात खात तिच्या टेबलाशी आला आणि खुर्ची ओढून बसला.

"मीरा, एक छोटंसं काम कर ना. माझी बायको आणि मुलं शुक्रवारी चेन्नईला चाललीत, तिथून पाँडिचेरी. सकाळच्या फ्लाइटला आहेत. दुपारच्या कर."

मीराने यादी उघडली. सकाळचं विमान एस-चाळीस होतं. दुपारचं जुन्या बनावटीचं.

"दुपारचं फुल आहे, सर. एकही सीट नाही."

"मग कोणत्याही तिघांना सकाळी टाक. कारण लिही, ऑपरेशनल. एकाच बुकिंगवर तिघं असलेले बघ, म्हणजे सोपं जाईल."

"एस-चाळीस आहे म्हणून बदलायचं का?"

मिहिर हसला. बोटांना लागलेला मसाला त्याने चाटला आणि तेच बोट तिच्या स्क्रीनवर टेकवलं. "बायको ऐकत नाही गं. आणि लहान मुलं आहेत यार. रिस्क कशाला घ्यायची? हे बघ, हे तिघं चालतील."

त्याच्या बोटाखाली तीन नावं होती. सामंत नंदकिशोर, सामंत उत्तरा, सामंत गंधाली. मीराने बटण दाबलं. मिहिर "झकास" म्हणाला आणि निघून गेला. स्क्रीनवर तेलाचा पिवळा डाग राहिला. तिने तो रुमालाने पुसला, तर तो आणखीच पसरला.

ज्याने बदल केला त्याच्याकडेच त्या प्रवाशाचा फोन यावा, अशी तिथली व्यवस्था होती. तासाभराने फोन आला.

"मॅडम, मी मुलुंडहून नंदकिशोर सामंत बोलतोय. आम्ही मुद्दाम दुपारचं तिकीट काढलं होतं हो. सोमवारी चेन्नईला बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. एका डोळ्याने तिला दिसतच नाही आता. आधीच ती घाबरलेली, त्यात टीव्हीवर त्या विमानाचं ऐकून बसलीय. त्या विमानात बसवणार नाही, असा शब्द दिला होता मी तिला. आता हे सकाळचं कसं काय झालं?"

"ऑपरेशनल कारणामुळे, सर. पण विमान संपूर्ण सुरक्षित आहे."

"ते झालं हो." म्हाताऱ्याने आवाज खाली केला. "तुम्ही स्वतः बसाल का त्यात? खरं सांगा."

"मी स्वतःही याच विमानाने प्रवास करते, काका."

पलीकडे म्हातारा आत वळून मोठ्याने म्हणाला, "उत्तरा, अगं ही मुलगी स्वतः त्याच विमानाने जाते म्हणते. आपल्या गंधालीएवढीच असेल."

लांबून बाईचा आवाज आला. "असं म्हणते? मग काय, जाऊ आपण. ती पोर कशाला खोटं बोलेल?"

मीराच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. मिहिरची किळस तिला मघापासूनच येत होती, पण आता स्वतःच्या आवाजाचीही आली. इतकं सफाईदार, इतकं गोड कोण बोललं होतं?

"काका, थांबा," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. मी कधी विमानात बसलेलीच नाही. आणि ऑपरेशनल कारण वगैरे काही नाही. आमच्या मॅनेजरच्या घरच्यांना ते विमान नको होतं, म्हणून तुमच्या जागा त्यांना दिल्या. माझ्याच हाताने दिल्या."

तिने त्यांचं बुकिंग पुन्हा उघडलं.

"बदल मान्य नाही असं म्हणा," मीरा म्हणाली. "तेवढं बोला, म्हणजे मला परत करता येतं."

"मान्य नाही," म्हातारा म्हणाला. "अजिबात मान्य नाही."

तिने तिन्ही जागा परत केल्या.

अर्ध्या तासात मिहिरने तिला काचेच्या खोलीत बोलावलं. "कॉल रेकॉर्ड होतात, कळतं ना तुला? काय बरळलीस? वाट लावीन तुझी."

"रेकॉर्डिंग वर पाठवा, सर. तिकिटं कोणासाठी बदलली तेही त्यात आहे."

रेकॉर्डिंग कुठेच गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मीराला हरवलेल्या सामानाच्या तक्रारींवर टाकलं. मिहिरच्या घरच्यांनी चेन्नई रद्द केली आणि ते गाडीने महाबळेश्वरला गेले.

शुक्रवारी सकाळचं एस-चाळीस एकशे सत्तर माणसं घेऊन चेन्नईला वेळेवर उतरलं. मिहिर मुद्दाम तिच्या टेबलाशी आला.

"बघितलंस? उतरलं ना व्यवस्थित? उगाच तमाशा केलास."

"उतरलं, बरंच झालं," मीरा म्हणाली. "मग तुमची माणसं का नव्हती त्यात?"

"तू पण ना," म्हणत तो हसला आणि गेला.

जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या शर्मिष्ठाने डबा उघडत विचारलं, "नक्की काय झालं गं तुमचं?" चार वर्षं दोघी एकत्र जेवायच्या. मीराने सगळं सांगितलं. शर्मिष्ठाला काहीच नवल वाटलं नाही.

"एवढंच? अगं, सगळेच करतात. मागच्या आठवड्यात आईचं तिकीट मीपण बदलून घेतलं."

"तिच्या जागी कोण गेलं?"

शर्मिष्ठाने भाजी पोळीत गुंडाळली. "कोणास ठाऊक. नाव नाही बघितलं."

मीराने डब्याचं झाकण लावलं. समोर शर्मिष्ठा चावत होती, तिच्याकडे बघवेना. ती उठून आपल्या जागेवर गेली आणि स्क्रीनवर राजीनाम्याचा फॉर्म भरायला बसली. कारणाच्या रकान्यात वैयक्तिक, शिक्षण, लग्न आणि इतर एवढेच पर्याय होते. तिने इतर निवडलं आणि खाली लिहिलं, 'इथे बसून जेवण जात नाही.'