लाल मारुतीची ओवाळणी

त्या दिवसांत मारुती गाडी पैसे असले म्हणून मिळत नसे. आजच्या मुलांना हे सांगितलं तर ती हसतील. आधी बँकेत पैसे भरून नाव नोंदवायचं, मग वर्षानुवर्षं वाट पाहायची, आणि कधीतरी पोस्टमन नंबर लागल्याचा कागद घेऊन यायचा. ज्यांनी नाव नोंदवलं नव्हतं त्यांनी नंबर लागलेल्याच्या दारात जायचं आणि किमतीवर जास्तीचे पैसे मोजायचे. त्या जास्तीच्या पैशांना ‘ऑन’ म्हणत. म्हापशाच्या बाजारात लोक ऑनचा भाव बांगडा मासळीच्या भावासारखा रोज विचारीत.

धारगळच्या सिंधूचा नंबर शहाऐंशी साली, चतुर्थी सरल्यावर लागला. सिंधू गावच्या मराठी शाळेत शिक्षिका होती. नवरा सखाराम याचं हमरस्त्यावर सुंभ, खराटे आणि ट्रकच्या जुन्या टायरांचं दुकान होतं. तीन वर्षांपूर्वी तिने नाव नोंदवलं तेव्हा सखारामाने खुशीने मान हलवली होती. नंबर लागला की विकायचा, चार पैसे सुटतील, असा त्याचा हिशोब. सिंधूने तो हिशोब खोडून काढला नाही. तिला गाडी विकायची नव्हती, स्वतः चालवायची होती. पण धारगळात तेव्हा एकही बाई स्कूटरसुद्धा चालवत नव्हती. चाळिशी उलटलेल्या मास्तरणीने असं काही तोंडाने म्हणायचं म्हणजे गावाला वर्षभराची करमणूक.

ही ओढ तिला लावली होती तिच्या थोरल्या भावाने, सगुणने. वडील लवकर गेले तेव्हा सगुण शाळा सोडून पाळी गावच्या लोहखनिजाच्या खाणीवर ट्रकचा क्लीनर झाला, मग ड्रायव्हर झाला, आणि बहिणीला त्याने शिक्षिकेच्या ट्रेनिंगला धाडलं. खाण बंद असायची त्या रविवारी तो तिला खाणीच्या सपाट माळावर न्यायचा आणि साहेबाच्या जीपवर बसवायचा. तिच्या लग्नापर्यंत ते चाललं. सासरी आल्यावर स्टिअरिंगला हात लागला नाही. मात्र दुकानासमोरून ट्रक गेला की ड्रायव्हरने गिअर कधी बदलला हे तिला स्वयंपाकघरात बसून कळे.

आता सगुणचे स्वतःचे ट्रक होते. पाळीला सिमेंटचं घर होतं, दारात जीप होती, आणि पन्नाशीकडे झुकला तरी वेगाचं वेड तसंच होतं. सिंधूने नाव नोंदवलं तेव्हा याच सगुणने मारुतीला खेळण्यातली गाडी म्हणून हिणवलं होतं. मग एकदा आंबोलीच्या घाटात बेळगावच्या कुणा कंत्राटदाराच्या लाल मारुतीने त्याच्या जीपला वळणावर मागे टाकलं. तेव्हापासून त्याची झोप उडाली. ट्रक धावतो तो वजनाने, ही पानासारखी पळते, असं तो भेटेल त्याला सांगू लागला. त्यातच जानेवारीत कोल्हापूरहून गोव्यापर्यंत मोटारींची शर्यत ठरली. सगुणने प्रवेश-फी भरली, डिचोलीच्या एका मेकॅनिकला बाजूला बसायला तयार केलं. गाडीचा मात्र पत्ता नव्हता. पणजीच्या डीलरकडे खेटे घातले तर कोटा संपल्याचं उत्तर. म्हापशाच्या दलालाने ऑन सांगितला तो ऐकून सगुण म्हणाला, यात माझा एक जुना ट्रक येईल. आणि एवढे मोजूनही गाडी नक्की कधी हाती पडेल ते दलाल सांगेना.

अशात त्याला कळलं की बहिणीचा नंबर लागला आहे.

भाऊबीजेला तो दरवर्षी यायचाच. त्या वर्षी पार्वती वयनीला, म्हणजे बायकोला, माहेरी सोडून एकटाच सकाळी सकाळी आला. सिंधूने पोहे तीन परींचे केले होते, दुधातले, नारळाच्या रसातले आणि बटाटा घातलेले. सगुणने तिन्ही पुन्हा पुन्हा मागून घेतले, सखारामाची थट्टा केली, शाळेत आता कोकणी शिकवावी लागणार का म्हणून सिंधूला विचारलं. तेव्हा घरोघरी तोच विषय होता. मग तो पाटावर बसला. सिंधूने कुंकू लावलं, सुपारी आणि अंगठी ओवाळली, निरांजन फिरवलं. सगुणने विजारीच्या खिशातून रुमालात बांधलेलं पुडकं काढलं आणि ताटात ठेवलं.

दरवर्षी साडी असायची, नाहीतर पाकीट. पुडक्याच्या वजनाने ताट एका बाजूला कललं आणि निरांजनाची वात फडफडली. ते काय आहे हे सिंधूला न उघडता कळलं. सख्ख्या बहिणीच्या हातावर ऑन ठेवायची त्याला लाज वाटली होती, म्हणून त्याने तो ताटात ठेवला.

“ही तुझी ओवाळणी,” तो म्हणाला. “गाडयेचा मगे बघूया. कागदार नाव तुझाच रवांदे. तुका तरी ती कित्याक होयी गो? ह्या सखारामाक सायकल चलवूक येणा नाय.”

“माका सायकल कित्याक?” सखाराम म्हणाला. “रस्तोच माझ्या दारात येता.”

दोघे हसले. सिंधू ताट हातात धरून उभी होती. ताटातली ओवाळणी उचलून भावाला परत द्यायची, असं तिने आजवर पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. भावाच्या आयुष्यासाठी ओवाळायचं आणि त्याच ताटातलं त्याच्या तोंडावर फेकायचं, हात धजेना. तिने ताट आत नेलं आणि देवापुढे ठेवलं. बाहेर आली तेव्हा सगुण शर्यतीबद्दल बोलत होता. तिने नाही म्हटलं नाही, त्याने ते हो धरलं.

त्या दिवशी एक वाक्य बोलायचं राहिलं, आणि पुढे ते रोज थोडं थोडं जड होत गेलं. चार दिवसांनी तिने मुख्याध्यापकांकडे भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढायचा अर्ज दिला. दर शनिवारी दुपारी ती म्हापशाला जाऊ लागली. घरी सांगितलं, शिक्षकांची भाषेवरून सभा आहे. त्या वर्षी सभा इतक्या होत होत्या, की कोणाला शंका आली नाही. खरं म्हणजे ती ड्रायव्हिंग स्कूलच्या खडखडत्या फियाटमध्ये बसत होती. शिकवणारा म्हातारा फर्नांडिस पहिल्याच दिवशी म्हणाला की बाई, तुम्हाला कोणीतरी आधीच शिकवलं आहे, आणि बरं शिकवलं आहे. त्या वाक्याने ती खूष व्हायला हवी होती. परतीच्या बसमध्ये तिने तोंड खिडकीकडे फिरवून ठेवलं.

गाडी डिसेंबरच्या सुरुवातीला मिळायची होती. मग भाषेचं आंदोलन पेटलं. कुठे झाडं आडवी पडली, कुठे बस जळली, पणजीला जायचा दिवस दोनदा पुढे ढकलावा लागला. दोन्ही वेळा सगुण स्वतः विचारायला आला. एकदा तर माशेलहून आणलेल्या गोड्या केळ्यांचा घड घेऊन. केळी घेताना सिंधूच्या जिभेवर शब्द आले होते. पण तो ओट्यावर बसून शर्यतीतली वळणं बोटांनी जमिनीवर काढत होता, कुठे ब्रेक लावायचा नाही ते सखारामाला समजावत होता. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिने केळी आत नेऊन ठेवली.

सखारामाला तिने पणजीला निघायच्या आदल्या संध्याकाळी सांगितलं. गाडीच्या किमतीचा बँकेचा ड्राफ्ट दाखवला, लायसन्स दाखवलं. तो बराच वेळ लायसन्सवरचा तिचा फोटो पाहत राहिला. मग त्याने एवढंच विचारलं, की दादाला कळवलंस का. तिने ड्राफ्ट घडी करून पर्समध्ये ठेवला तेव्हा तो म्हणाला की मग मी मध्ये पडणार नाही, पण बरोबर येईन.

पणजीला डीलरच्या दुकानात सगुण आधीच येऊन बसला होता. पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, हातात झेंडूचा हार. लाल गाडी काचेमागे उभी होती. मेकॅनिक तिच्या चाकांना हात लावून पाहत होता. काउंटरवरच्या तरुणाने सिंधूसमोर कागद सरकवले. “बाई, तुम्ही इथे सही करा आणि कदेलावर बसा. पुढचं भाऊ बघतील. काही वर्षं नाव बदलता येणार नाही, तेवढं लक्षात ठेवा. अशा सह्या करायला रोज येतात बायका.”

सगुणने गाडीच्या पैशांची पिशवी काउंटरवर ठेवली. सिंधूने पर्स उघडली आणि ड्राफ्ट पिशवीच्या पुढे ठेवला.

“दादा, गाडी मी घेतंय.”

“नाव तुझाच लागतला गो. मी खंय नाय म्हणतंय?”

“नुसता नाव नाय. गाडी. मी चलवतलंय.”

तो हसणार होता. मग त्याची नजर ड्राफ्टवर गेली, तिथून सखारामाकडे, आणि सखारामाने मान खाली घातली. काउंटरवरचा तरुण कागद नीट लावत असल्यासारखं करू लागला.

“आणि ताटात घातलंय ते?”

“ती ओवाळणी. तूच म्हणालस.”

हे वाक्य तिने शनिवारच्या बसमध्ये कितीदा तरी मनात म्हटलं होतं. त्यात चूक काही नव्हती. ओवाळणीच्या बदल्यात कोणी काही मागत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण इथे, या काचेच्या दुकानात, तिला ते स्वतःच्या कानांनी ऐकवेना.

सगुण भांडला नाही. त्याने भांडावं असं तिला फार वाटलं. पिशवी उचलून त्याने खांद्याला लावली, हाराकडे पाहिलं, तो काउंटरवर ठेवला.

“तू माका तोंड उघडून सांगूक होया होतां,” तो म्हणाला. “मी दुसऱ्याक विचारलंय असतंय.”

आणि मेकॅनिकला हाक मारून तो बाहेर पडला. हार त्या तरुणानेच गाडीला घातला.

मांडवीवरचा पूल त्या पावसाळ्यात कोसळला होता, म्हणून गाडी फेरीबोटीवरून न्यावी लागली. लोखंडी फळीवर चढताना गाडी बंद पडली, मागचे भोंगे वाजवू लागले, बोटीवरचा माणूस हात नाचवत ओरडला. सखारामाने दोन्ही हातांनी दाराची कडी धरून ठेवली होती. सिंधूने क्लच सोडला, गाडी एकदा थरथरली आणि बोटीवर चढली. एवढ्यासाठी ती तीन वर्षं थांबली होती. नदीच्या मध्यावर सखारामाने विचारलं की बरं वाटतं का. तिने हो म्हटलं, आणि तेव्हा ते पूर्ण खोटंही नव्हतं.

ओवाळणीचं पुडकं रुमालासकट देवाच्या कपाटात होतं. नाताळच्या सुट्टीत ते घेऊन ती डिचोलीच्या बुधवारच्या बाजाराला गेली. तिथे पार्वती वयनी येते हे तिला ठाऊक होतं. भाजीच्या रांगेत ती भेटली. सिंधूने पुडकं पुढे केलं तशी पार्वतीने दोन्ही हात पदरात घेतले.

“वन्सं, ओवाळणी परत येता ती भाव सरल्यार. आमचो माणूस जितो असा.”

मग तिने आवाज खाली आणून सांगितलं, की ते कोणाशी बोलत नाहीत. शर्यतीच्या लोकांनी भरलेली फी परत पाठवली ती त्यांनी आपल्या ड्रायव्हरांना वाटून टाकली. गाडीचं नाव घरात काढायचं नाही. एवढं सांगून तिने भोपळ्याच्या फोडीचा भाव विचारला, आणि सिंधू तिथे उभी आहे हे जणू विसरली.

शर्यत जानेवारीत झाली. गाड्या धारगळवरूनच गेल्या. शाळेतली मुलं कुंपणाला लटकून ओरडत होती, आणि सिंधू वर्गात फळा पुसत होती.

गाडीची गावाला हळूहळू सवय झाली. बायका लांबून पाहत, मग जवळ येऊन आत डोकावत, मग बाळंतिणीला पेडण्याच्या दवाखान्यात न्यायला हाक मारू लागल्या. सिंधू कधी नाही म्हणाली नाही. सगुणचे ट्रक पूर्वी दुकानासमोरून जाताना भोंगा वाजवत, आता वाजवत नसत.

मे महिन्यात गोवा राज्य होणार असं ठरलं. शाळेला सुट्टी होती. एका सकाळी सिंधू कोणालाही न सांगता निघाली. अस्नोडा, डिचोली, साखळी मागे पडली आणि पाळीच्या वाटेला लागताच ती खनिजाच्या ट्रकांच्या रांगेत सापडली. पाऊस तोंडावर आलेला, जेवढा माल नदीतल्या बार्जवर जाईल तेवढा घालवायची घाई. लाल धुरळ्याने पुढची काच भरली. काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. यावेळी ठरवून यायचं नाही एवढंच ठरवलं होतं.

सगुणच्या घराच्या अलीकडे, जिथे ट्रक वळून खाणीत शिरतात, तिथे तो स्वतः उभा होता. डोक्याला पंचा गुंडाळलेला, हातात शिटी. दोन्हीकडचे ट्रक अडकले होते आणि तो एकेक सोडत होता. सिंधूने गाडी हळू केली, काच खाली घेतली. त्याने पाहिलं. गाडी पाहिली, तिला पाहिलं. तिला वाटलं, आता तो पुढे येईल, निदान दोन शब्द वाईट बोलेल.

त्याने शिटी वाजवली. समोरचे ट्रक हात उंच करून थांबवले, मागच्यांना थोपवलं, आणि कडेला सरून, अदबीने, बाहेरगावच्या पाहुण्याला द्यावी तशी तिला वाट मोकळी करून दिली.

“दादा,” ती म्हणाली. मागून भोंगा वाजला.

तो पुढच्या ट्रककडे पाहत होता, आणि हात तसाच, पुढे जा म्हणून सांगत होता. रस्ता अरुंद, मागे रांग. तिने गिअर टाकला आणि गाडी पुढे घेतली. त्याचं घर डावीकडे आलं आणि मागे गेलं. ओसरीवर पार्वती वाळवण घालत होती. वळायला जागा थेट उसगावच्या पुलापर्यंत नव्हती.