रिकाम्या सीटचा पट्टा

मित्रांनो, मी एका मोडक्या गाडीची नोंदपेटी आहे. विमानातल्या काळ्या पेटीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मी तिची गरीब धाकटी बहीण. गिअरच्या खाली, गालिच्याआड माझं आयुष्य गेलं. वेग किती, ब्रेक दाबला का, पट्टा लावला का, एवढंच मी टिपायची. नवं आलं की जुनं पुसायचं, हाच माझा उद्योग. धडक बसली तर मात्र तिच्या आधीचे पाच सेकंद घट्ट धरून ठेवायचे. गाडीतली गाणी, भांडणं कानावर पडत. ती टिपायची मला मुभा नव्हती.

गाडी एका ताईची. शेजारच्या सीटवर तिचे बाबा बसत. पट्टा लावला नाही की गाडी टुंग टुंग करायची आणि बाबा वैतागायचे, "आता गाडीनं मला शिकवायचं तेवढं राहिलं होतं!" एके दिवशी तो आवाज थांबला. मला वाटलं, सुधारले एकदाचे.

पण मग भलतंच घडू लागलं. ताई एकटीच कामाला निघायची. शेजारच्या सीटवर वजन काहीच नाही, आणि पट्टा मात्र लावलेला! कुणाला बांधला होता तो? रोज तेच. रिकाम्या जागी कुणीतरी गुपचूप बसून येतंय असं वाटून मला कापरं भरायचं. सांगणार कुणाला? मी मुकाट्यानं टिपत राहिले.

मग एके दिवशी, बाबा शेजारी बसलेले असताना, एक ट्रक आडवा आला. बाबा गेले. ताई वाचली, पण तिला त्या क्षणाचं काही आठवेना. "तू ब्रेकच दाबला नाहीस," तिचा दादा म्हणाला, आणि तिच्याशी बोलेनासा झाला. हळूहळू तिलाही ते खरं वाटू लागलं.

मोडक्या गाड्यांच्या शेडमध्ये तपासनीस बाईंनी मला वायर जोडली. भावंडं शेजारी उभी होती.

"ब्रेक पूर्ण दाबलाय," बाई म्हणाल्या. मग त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पण बाबांचाही पट्टा लावलेला दिसतोय. मग ते काचेतून बाहेर कसे फेकले गेले?"

"बघा! पट्ट्याचं खोटं, तर ब्रेकचंही खोटंच असणार," दादा म्हणाला.

जन्मभर खरं बोलून खोटारडी ठरणं काय असतं, ते मला विचारा. ताईची मान खाली गेली.

बाई चेपलेल्या सीटपाशी वाकल्या. पट्टा जागच्या जागी गुंडाळलेला होता, त्याला ताण बसल्याची खूणही नव्हती. पट्टा अडकवायच्या खाचेतून त्यांनी एक सुटी क्लिप ओढून काढली. आवाज बंद करायला दुकानात मिळते, ती.

"पेटीला हिनं फसवलं," बाई म्हणाल्या. "ब्रेकला कुणी फसवलेलं नाही. तुम्ही लावली होती ही?"

ताईनं नकारार्थी मान हलवली. दादा क्लिपकडे बघतच राहिला.

"मी आणली होती," तो म्हणाला. "त्या आवाजानं बाबांचं डोकं उठायचं. खूश झाले होते."

मग ताईनं त्याचा हात धरला.

"घरी चल," ती म्हणाली. "आईला फक्त ब्रेकचं सांगू."

मित्रांनो, आजही मला कुणी वायर जोडली की मी तेच सांगते: बाबांचा पट्टा लावलेला होता. दुसरं मला काही येत नाही. मला फसवणं फार सोपं आहे. तुम्ही तेवढा पट्टा स्वतःच्या अंगावर घ्या.