थोडक्यात

पोरीनं नऊ पानांचा गठ्ठा हातात घेतला, अंगठ्याखालून पत्त्यांसारखी पानं फर्रकन सोडली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाराला वीस कमी. दोनला तिची चाचणी होती, आणि विद्यापीठाची बस गाठायची तर साडेबाराच्या आत कारखान्याच्या फाटकाबाहेर पडायला हवं होतं.

समोर कॅन्टीनच्या बाकांवर बाराजण बसले होते. माणसं कसली, कोटांची गाठोडीच. शीतगृहातलं काम ते. दिवसभर बर्फाहून गार खोल्यांतून मासळीची खोकी ओढायची, आणि बाहेर आलं की दहा मिनिटं बोटं आपली आहेत की दुसऱ्याची, ते कळत नाही. सगळे आपल्याच बाजूचे, आपल्याच भाषेचे. इथल्या भाषेतलं त्यांना 'चल', 'थांब' आणि शिव्या एवढंच यायचं. शिव्या मात्र झकास यायच्या.

मुकादम टेबलाला टेकून उभा होता. घरात, दारात, जेवताना त्याच्या डोक्यावरची टोपी म्हणून कधी उतरायची नाही, तेव्हा त्याचं नाव टोपीवाला. तो तिला इथल्या भाषेत म्हणाला की हे नेहमीचंच आहे, सुरक्षेचे नियम, यांना यांच्या भाषेत सांग आणि सह्या घे. मग आवाज जरा खाली आणून म्हणाला,

"थोडक्यात सांगितलंस तरी चालेल. तुला परीक्षा आहे ना?"

तिला बरं वाटलं. मामानं सांगितलं असणार याला.

मामा तिसऱ्या बाकावर बसला होता. नवव्या वर्षी ती गावाहून त्याच्याकडे शिकायला आली. सहा महिन्यांत इथली भाषा तिच्या तोंडात अशी बसली की चाळीतल्या चौदा बिऱ्हाडांनी तिला वकीलीणबाई करून टाकलं. दवाखाना असो, शाळेचा अर्ज असो, विजेच्या ऑफिसातून आलेलं पत्र असो, चला वकीलीणबाईकडे. आणि वकीलीणबाई लवकरच एक गोष्ट शिकली. सगळं सांगायचं नसतं. डॉक्टर दहा वाक्यं बोलला की त्यातली दोन सांगायची. ऑफिसातली बाई तुसडेपणानं बोलली तर तेवढं गाळायचं. मामीच्या गुडघ्याबद्दल डॉक्टर काय म्हणाला, ते पुरतं अजून तिच्याखेरीज कुणाला माहीत नाही. मोठी माणसं रात्री नीट झोपायची तिच्यामुळे, आणि ती स्वतः आकडेशास्त्राचं पुस्तक छातीवर घेऊन छताकडे बघत पडायची. या वर्षी दोन चाचण्या अशाच गेल्या होत्या. एकदा कुणाची तरी पोरगी तापली, एकदा कुणाचा तरी परवाना अडकला. तिसरी चुकली की वर्ष गेलं, असं प्राध्यापकांनी तोंडावर सांगितलं होतं.

म्हणून तिनं भरभर उरकलं. पहिलं पान वाचलं, दुसऱ्यावरून नजर फिरवली, आणि म्हणाली,

"हातमोजे घाला. कोटाची बटणं लावा. वायूचा वास आला की बाहेर पळा. भोंगा वाजला की बाहेर पळा. बाकी तेच ते, फिरवून फिरवून लिहिलंय."

एरवी यावर कुणीतरी म्हणालं असतं की वकीलीणबाई, पळायचंय तर पगार घेऊन पळू का. आज कुणी काही बोललं नाही. सगळ्यात म्हातारा, ज्याला सगळे बापू म्हणत, त्यानं हात अर्धा वर केला, शाळेतल्या पोरासारखा.

"पोरी, भोंगा वाजला आणि आत कुणी राहिलं असलं तर? त्याला आणायला जायचं का नाही? लिहिलंय का काही?"

तिनं पानं उलटली. तिसरं, चौथं. बारीक अक्षर, मुंग्यांची रांग. टोपीवाल्यानं विचारलं, काय म्हणतोय म्हातारा?

घड्याळात बाराला दहा कमी.

"सही कुठं करायची विचारतोय," ती टोपीवाल्याला म्हणाली. आणि बापूला म्हणाली, "असेल त्यात, बापू. मी घरी नीट बघून सांगते."

बापूनं हात खाली घेतला. त्याच्या शेजारचे दोघं आपापल्या बुटांकडे बघत होते. खरं तर सगळेच बुटांकडे बघत होते. पण घाईतल्या माणसाला समोरची भिंत दिसत नाही, तर बूट काय दिसणार.

सह्या झाल्या. बारा ओळी भरल्या, तेरावी रिकामी राहिली. तिथं लंबूकाकांचं नाव छापलेलं होतं. लंबूकाका म्हणजे सहा फूट दोन इंच, आणि ती सायकल शिकली तेव्हा सीट धरून चाळीच्या आवारात पार दुमडून पळालेला माणूस. ती पडली तेव्हा तिच्याआधी तेच रडले होते.

"लंबूकाका कुठायत?"

"गावी गेलाय," मामा म्हणाला. "आईला बरं नाही त्याच्या."

टोपीवाला मामाकडे बघून नुसता हनुवटीनं कागद दाखवत होता. मामा उठला. पेन उचललं, क्षणभर तसंच धरलं, आणि मग उजव्या हातातून डाव्या हातात घेऊन तेराव्या ओळीवर सही केली. लहान पोर पाटीवर गिरवतं तशी.

तिला हसू आलं. "मामा, हे काय नवीन?"

"चल, तुझी बस जाईल," मामा म्हणाला.

सगळ्यात खाली एक चौकट होती. 'वाचून, समजावून सांगणाऱ्याचे नाव.' तिनं नाव लिहिलं, सही ठोकली, प्रत बॅगेत कोंबली आणि पळाली.

बस मिळाली. खिडकीशी बसून तिनं आधी वही काढली, दोन ओळी वाचल्या, मग वही मिटून तो कागद काढला. बापूचं तोंड काही डोळ्यांपुढून हलेना. सातव्या पानावर, खालून चौथ्या ओळीत, ते सापडलं. भोंगा दोनदा वाजल्यावर कोणत्याही कारणाने, आत सहकारी राहिला असला तरीही, कोणीही पुन्हा आत जाऊ नये. त्याच्याखाली काळी रेघ ओढलेली होती.

मग शेवटचं पान. वरच्या कोपऱ्यात छापलेली तारीख होती तीन. आज चौदा.

तिनं मामाला फोन लावला. आधी बापूला निरोप द्यायला सांगितला की कुणी आत राहिलं तरी जायचं नाही, असं लिहिलंय. पलीकडे यंत्रांची घरघर चालू होती. मग तिनं तारखेचं विचारलं.

"छापायची चूक असेल," तो म्हणाला. "तू पेपरकडे लक्ष दे."

आणि फोन ठेवला. मामानं आजवर तिचा फोन आधी कधी ठेवला नव्हता. तिची पंचाईत व्हायची, तीच शेवटी म्हणायची, बरं मामा, ठेवते आता.

चाचणीत पाच प्रश्न होते. तिला पाचही येत होते. पण तिसऱ्या उत्तराला ती अडली, कारण प्रश्न इथल्या भाषेत वाचला आणि आत बापूच्या आवाजात ऐकू आला. नाही का होत असं कधी, डोक्यात दोन रेडिओ एकदम लागल्यासारखं. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा ती दचकून जागेवरून उठलीच, आणि मागची पोरं हसली.

घरी गेल्यावर मामा लवकर झोपला होता. दुसऱ्या दिवशीही लवकर झोपला. मामीला विचारलं तर तिनं भांड्यांचा आवाज मोठा केला. चाळीत कुणी पत्र घेऊन आलं नाही, अर्ज घेऊन आलं नाही. जिन्यात माणसं भेटली की विचारायची, अभ्यास कसा चाललाय, आणि उत्तर ऐकायच्या आत एक पायरी खाली. आठवडाभर तिला कुणी काही काम सांगितलं नाही. दहा वर्षांत तिला हवी होती ती शांतता मिळाली आणि ती अंगावर आली.

शनिवारी दुपारी लंबूकाकू आल्या. हातात लांबट पाकीट. साडी नीट नेसलेली, पण दोन पायांत दोन वेगळ्या चपला.

मामा घरातच होता, खिडकीशी दाढीचं सामान आवरत. काकूंना बघून तो तसाच उभा राहिला.

"लंबूकाका आले का गावाहून?" तिनं विचारलं.

"कुठल्या गावाहून?" काकू म्हणाल्या.

मामीनं स्टोव्ह बंद केला.

मग काकूंनीच सांगितलं, तेही आमटीत मीठ जास्त झालं असं सांगावं त्या आवाजात. नऊ तारखेला कारखान्यात वायू गळला होता. ते आत गेले होते. तेव्हापासून दवाखान्यात आहेत, घशात नळी आहे, डोळ्यांवर पट्टी आहे. कंपनीचा माणूस येतो भाषा सांगायला.

"तुलाच बोलावणार होते मी. पण मामा म्हणाले, पोरीची परीक्षा आहे, तिच्या कानावर जाऊ देऊ नका. सगळी चाळ गप्प बसली बघ तुझ्यासाठी." त्यांनी पाकीट पुढं केलं. "आता हे आलंय. परीक्षा झाली ना तुझी?"

तिनं मामाकडे पाहिलं. मामा वाटीतला साबणाचा फेस बघत होता. नऊ तारीख. बापूचा अर्धा वर केलेला हात. बाराजणांचे बूट. तीन तारखेचा कागद चौदा तारखेला. जे काम तिनं सगळ्यांसाठी दहा वर्षं केलं होतं, तेच सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी एकदा केलं होतं. गाळून सांगितलं होतं.

तिनं पाकीट फोडलं. आत दोन पानांचं पत्र आणि मागं टाचलेली एक नक्कल. पहिल्यांदा सवयीनं मनातल्या मनात वाचलं.

"थोडक्यात सांग गं तिला," मामा म्हणाला. त्याचा आवाज टोपीवाल्यासारखा आला. त्यालाही तो ऐकू गेला असावा, कारण त्यानं घसा खाकरला.

"हो, थोडक्यातच सांग," काकू म्हणाल्या. "मला दवाखान्यात जायचंय परत."

तिनं खुर्ची ओढली आणि काकूंच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली.

"आज थोडक्यात नाही, काकू. सगळं वाचते."

आणि ती वाचायला लागली. एक ओळ इथल्या भाषेत, मग तीच आपल्या भाषेत, एकही शब्द न गाळता. की आपल्या पतीच्या प्रकृतीबद्दल आम्हाला खेद आहे. की नऊ तारखेला भोंगा दोनदा वाजल्यावर सर्व कामगार बाहेर आले. की एक सहकारी आत राहिला आहे असे समजून आपले पती नियम मोडून पुन्हा आत गेले. की तो सहकारी आधीच मागच्या दाराने सुखरूप बाहेर पडला होता.

काकूंनी मान वर केली नाही. ते त्यांना माहीत होतं. मामा खाली बसला, खुर्चीवर नाही, जमिनीवरच. तेव्हा तिला कळलं तो सहकारी कोण. पत्रात नाव नव्हतं.

ती थांबली नाही. की आपल्या पतींना हा नियम तीन तारखेला त्यांच्या मातृभाषेत वाचून, समजावून सांगण्यात आला होता. की त्यांनी तशी सही केली आहे, नक्कल सोबत जोडली आहे. की त्यामुळे या घटनेची कोणतीही जबाबदारी कंपनीवर येत नाही.

काकूंनी नक्कल मागून घेतली. त्यांना ती अक्षरं वाचता येत नव्हती, पण तेराव्या ओळीवर त्यांचं बोट बरोबर जाऊन थांबलं.

"ही यांची सही नाही," त्या म्हणाल्या. "हे सही करतात तर कागद फाटतो. इतका जोर. ही कुणी घाबरत घाबरत केलीय."

मामाचा डावा हात त्याच्या मांडीवर उताणा पडला होता, आणि तो त्याच्याकडे दुसऱ्याचं विसरलेलं सामान बघावं तसं बघत होता.

"आणि तीन तारखेला यांना वाचून कुणी दाखवलं म्हणे? हे तर मला काही बोलले नाहीत. नाव आहे का त्यात?"

"आहे."

"वाच."

तिनं नक्कल आपल्याकडे फिरवली. चौकटीतलं अक्षर घाईचं होतं, बस पकडायची असलेल्या माणसाचं. तिनं ते नाव वाचलं. इथली माणसं मोडून-तोडून हाक मारतात तसं नाही. आईनं ठेवलं तसं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, पूर्ण.

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. रागानं म्हणावं तर तसंही नाही. पहिल्यांदाच बघतायत असं. टेबलावर मामाचा फोन थरथरायला लागला, टोपीवाल्याचं नाव उजळलं, आणि फोन आपल्या आपण सरकत सरकत कडेपर्यंत आला. मामानं हात पुढं केला नाही. मामीनंही नाही.

काकूंनी पदरानं तोंड पुसलं, पायांतल्या दोन वेगळ्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि खुर्चीत मागं टेकून बसल्या.

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून. सावकाश."