उलटा पीळ

फुकट मिळणाऱ्या वस्तूवर काटेसाहेबांचा कधीच विश्वास नव्हता. त्यांचं आडनाव काही काटे नव्हतं. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढल्यावर बाजाराने त्यांना ते नाव बहाल केलं होतं आणि निवृत्तीनंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही तेच चालवलं. तागडीच्या बुडाला चिकटवलेलं मेण, आतून पोकळ केलेली वजनं, दांडीला बांधलेला केसासारखा दोरा, सगळं त्यांनी पाहिलं होतं. 'साहेब, वर मूठभर जास्त घ्या' म्हणणाऱ्या दुकानदाराची तागडी ते सगळ्यात आधी उलटी करत. त्यामुळे घरातल्या बारा वर्षांच्या कम्प्युटरवर रोज सकाळी एक निळी चौकट उगवू लागली, की तुमची सिस्टीम जुनी झाली, अमुक तारखेनंतर तिची जबाबदारी आमच्यावर नाही, नवी सिस्टीम फुकट घ्या, तेव्हा साहेबांनी ती चौकट एकदा चष्मा लावून आणि एकदा काढून वाचली आणि बंद केली.

"फुकट का देतायत?" त्यांनी बायकोला विचारलं.

"द्यावंसं वाटलं असेल," ती म्हणाली. "सगळेच काही तुमच्या बाजारातले नसतात."

सूनबाई एका शाळेतले चाळीस कम्प्युटर सांभाळायची. तिने समजावून पाहिलं. "बाबा, त्या तारखेनंतर संरक्षण बंद. कुणीही चोर आत शिरेल."

"सध्या शिरत नाही कशावरून?" साहेब म्हणाले आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

त्या बघण्यामागे चार वर्षांचं दुखणं होतं. त्या कम्प्युटरच्या डब्यात साहेबांचं पुस्तक होतं, नोकरीतल्या आठवणींचं. आधी ते जुन्या तपासणी-फॉर्मांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कच्चं लिहीत, मग एका बोटाने टाइप करत, चहाच्या वेळी बायकोला वाचून दाखवत आणि कच्चा कागद टाकून देत. दुसरी प्रत कुठेही नव्हती. दोन प्रती म्हणजे चोराला दोन दारं, असं त्यांचं गणित होतं. आता छापखानेवाला तयार झाला होता आणि पुढच्या महिन्यात त्याला पुस्तक द्यायचं होतं. अडचण सातव्या प्रकरणाची होती.

चार वर्षांपूर्वी कंबरेच्या हाडाच्या ऑपरेशनसाठी ते सव्वीस दिवस दवाखान्यात होते. घरी आल्यावर त्यांनी पहिल्यापासून सगळं वाचून काढलं. सातव्या प्रकरणात त्यांनी लिहिलं होतं, की कोपऱ्यावरच्या बटाटेवालीला किलोमागे आठ ग्रॅमची चोरी करताना पकडलं आणि तिची तागडी जप्त केली. संपलं. पण आता त्याखाली आणखी चार ओळी होत्या: 'आठ दिवसांनी माझ्याच वजनांची तपासणी झाली. माझ्या किलोच्या बुडाला सील करायची लाख चिकटलेली निघाली. बटाटेवालीचं वजन बरोबर होतं. मी तिच्यासाठी परत गेलो, पण ती तिथे नव्हती.'

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. या ओळी त्यांनी लिहिल्या नव्हत्या. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती, अशी त्यांची खात्री होती. दोनदा ते त्या ओळी खोडायला बसले आणि दोन्ही वेळा शेवटच्या वाक्यापाशी येऊन त्यांचं बोट थबकलं. मग शोध सुरू झाला. कुठेकुठे शब्दही बदललेले वाटायला लागले. एखादं वाक्य आपल्याला जमेल त्यापेक्षा बरं उतरलंय, अशी शंका यायला लागली. घरात कम्प्युटरमधलं कळणारी माणसं किती? एक. दवाखान्याच्या दिवसांत घरी ये-जा कुणाची? तिचीच. जुन्या कचेरीत कुणी ओळखीचं गाठून सूनबाईने हे खणून काढलं असेल, सासऱ्याची नाचक्की व्हावी म्हणून. का, ते मात्र त्यांना सुचत नव्हतं. पण चोरीचं कारण चोराने सांगायचं असतं, निरीक्षकाने नाही.

शेवटी निळी चौकट दिवसातून सहा वेळा यायला लागली तेव्हा साहेब नाइलाजाने तयार झाले. रविवारी सकाळी सूनबाई स्क्रू-ड्रायव्हर आणि मेमरीची नवी पट्टी घेऊन बसली. साहेबांनी शेजारी खुर्ची ओढली, मांडीवर वही घेतली आणि वर तारीख-वेळ टाकली.

"आधी पुस्तकाची प्रत काढून घेते," ती म्हणाली. "मग पट्टी बसवायला कॅबिनेट उघडावं लागेल. बाबा, याला तुमचं सील आहे."

असणारच. घरात आणल्या दिवशीच साहेबांनी कॅबिनेटच्या मागच्या दोन भोकांतून तार ओवून शिशाचं सील ठोकलं होतं. विजेच्या मीटरला सील होतं, औषधांच्या कपाटाला होतं. "माझ्या तोंडाला तेवढं राहिलंय," असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

साहेब कात्री घेऊन वाकले आणि तसेच थांबले. शिशावरचा ठसा त्यांच्याच सील दाबायच्या पकडीचा होता, कडेला खाच असलेला. पण तारेचा पीळ उलटा होता. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो सीलं ठोकली होती. तार उजवीकडे तीन वेढे, त्यात कधी बदल नाही. ही डावीकडे पिळलेली होती, चार वेढे, तेही ओबडधोबड.

"हे सील माझं नाही," ते म्हणाले.

सूनबाईला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. तिने तार कापली, झाकण काढलं, आतली धूळ फुंकली आणि म्हणाली, "बरं झालं, डिस्क नवीन घातलीय तुम्ही. यावर चारच वर्षांपूर्वीची तारीख आहे. नाहीतर नवी सिस्टीम रडतखडत चालली असती."

"मी कधी डिस्क बदललेली नाही."

"मग कुणीतरी बदललीय, बाबा."

साहेबांनी वहीत लिहिलं: 'सील बनावट. डिस्क परकी.' म्हणजे त्या ओळीच तेवढ्या घुसवल्या नव्हत्या. अख्खं पुस्तकच कुणीतरी काढून घेऊन त्या जागी दुसरं ठेवलं होतं. चार वर्षं ते जे आपलं म्हणत होते, ते आपलं होतं की नाही, हेच आता कळत नव्हतं.

पट्टी बसली, झाकण लागलं, पडद्यावर आकडे चालू झाले. नऊ टक्के. सतरा टक्के. साहेब प्रत्येक आकडा वेळेसकट टिपत होते. तीस टक्क्यांवर काटा वीस मिनिटं अडकला.

"दांडी धरून ठेवलीय कुणीतरी," ते पुटपुटले. मग त्यांनी टेबलावरची सुतळी सूनबाईपुढे टाकली. "या वायरी जरा बांध. पीळ घालून."

तिने बांधल्या. उजव्या हाताने, उजवीकडे, त्यांच्यासारख्याच. साहेबांनी वाकून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि चार वर्षं मनात धरलेला गुन्हेगार डोळ्यांसमोर निर्दोष सुटल्यावर निरीक्षकाचा चेहरा जसा पडतो तसा त्यांचा पडला.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. बिस्किटांच्या पुडीच्या तोंडाला पिळलेली तार होती. तिने ट्रे ठेवला, पुडी उचलली आणि तार सोडवली. बिस्किटं बशीत काढली. मग तार परत पिळली, डाव्या हाताने, डावीकडे, चार वेढे.

बेचाळीस वर्षं ते तिला डाव्या हाताने चहा ओतताना बघत होते.

"अगं," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "कॅबिनेट तू उघडलं होतंस?"

तिने पुडी खाली ठेवली. सूनबाईकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. तिथे आता एकतीस टक्के झाले होते. "उघडलं दुरुस्तीवाल्याने," ती म्हणाली. "बंद मी केलं. बसा, उभे राहू नका, कंबर दुखेल."

तुम्ही दवाखान्यात गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, तिने सांगितलं, चहाच्या वेळी घर खायला उठलं. वाचून दाखवायला कुणी नाही, म्हणून म्हटलं आपणच लावून वाचावं. मशीन चालू केलं तर आतून खडखड आवाज आला आणि बंद पडलं. दुरुस्तीवाला म्हणाला, डिस्क गेली, यातलं काही परत येणार नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यांना कसलाही धक्का नको.

"मग हे पुस्तक?"

"तुम्ही टाकून दिलेले कागद मी टाकते थोडेच? कपाटातल्या फळ्यांवर तेच अंथरलेत. डब्यांखाली तेच. सगळे काढले, पुसले, लावले. निम्मं पुस्तक निघालं. बाकीचं तुम्ही वाचून दाखवलं होतंत ना." ती जरा थांबली. "दोन-दोनदा. रोज सकाळी चार तास बसायचे, दुपारी तुमच्याकडे यायचे. बटणांवरची अक्षरं शोधण्यातच पहिला आठवडा गेला."

सूनबाई आकडे बघायचं सोडून सासूकडे बघत होती. "आई, मला सांगायचंत तरी."

"तू नवऱ्याला सांगितलं असतंस, त्याने बापाला. या घरात कुणाच्या पोटात काही राहत नाही, एक मी सोडून."

इतकी वर्षं जी वाक्यं आपल्यापेक्षा बरी आहेत म्हणून साहेबांनी संशयाने बाजूला काढून ठेवली होती, त्यांतली एकेक त्यांना आठवायला लागली. त्यांना लाज वाटली, आणि ती लपवायला त्यांनी सूनबाईकडे मान वळवली. "माझा संशय तुझ्यावर होता," ते म्हणाले.

"सुतळी बांधायला लावलीत तेव्हा मला वाटलंच, काहीतरी परीक्षा चाललीय," ती म्हणाली. "पास झाले ना?"

मशीन स्वतःच बंद झालं, चालू झालं, पुन्हा बंद झालं. साहेबांच्या वहीत त्याची नोंद झाली नाही. पाऊण तासाने पडदा उजळला. नवी चित्रं, नवी अक्षरं, पण पुस्तक जागच्या जागी होतं. सूनबाईने सातवं प्रकरण उघडून दाखवलं, प्रत्येक ओळ शाबूत असल्याची खात्री करून दिली आणि कप उचलून आत गेली.

दोघंच राहिली.

"हे बटाटेवालीचं," साहेब पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. "हे माझ्या कागदात नव्हतं. मी कुणाला बोललो नव्हतो."

"बोलला होतात. तिच्याकडे परत जाऊन आलात त्या दिवशी जेवला नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडला होतात आणि सगळं भिंतीला सांगितलंत. मी मागे उशीचा अभ्रा बदलत होते. मला वाटलं, पुस्तकात हे लिहायचं तुमच्याकडून राहून गेलं असेल."

साहेबांनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. 'मी तिच्यासाठी परत गेलो, पण ती तिथे नव्हती.' एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या तागड्या उलट्या केल्या, आणि त्या दिवशी बायकोच्या पदरात आपण कमी वजन टाकलं होतं. तिने ते जसंच्या तसं जपून, एकेक अक्षर शोधून, परत आणून ठेवलं होतं. पुढच्या महिन्यात ते छापलं जाणार होतं.

त्यांनी बोट उचललं आणि ते वाक्य खोडलं. मग हळूहळू टाइप केलं: 'मी परत गेलो. ती तिथेच होती. कुणाची तरी उसनी तागडी घेऊन बसली होती. मी रस्त्याच्या पलीकडून पाहिलं आणि मागे फिरलो.'

बायकोने चष्मा लावून वाचलं. तिला नवल वाटल्याचं काही दिसलं नाही.

"त्या दिवसानंतर चार वर्षं आपले बटाटे तिच्याकडूनच यायचे," ती म्हणाली.

"तुला ठाऊक होतं? मग खोटं वाक्य का लिहिलंस?"

"तुम्ही सांगितलंत तेच लिहिलं. माझ्या पदरचं त्यात एक अक्षर नाही."

साहेबांनी चष्मा काढला. मग विचारू नये असं वाटत असतानाच विचारलं, "काही म्हणायची ती?"

"तोलून झालं की वर आणखी एक बटाटा टाकायची. मी नको म्हटलं तरी टाकायची. साहेबांच्या घरी चाललंय, म्हणायची, कमी पडायला नको." तिने पुडीची तार सोडली आणि पुन्हा पिळली. "तेही लिहा."

काटेसाहेबांनी बोट पुढे केलं. पण पहिलं अक्षर कुठे आहे, तेच त्यांना बराच वेळ सापडेना.